टाकीच्या तळाचे पाणी

जुन्नर-आंबेगावकडील आपल्या जुन्या घरांत हंड्यावर दुहेरी वस्त्र बांधून पाणी गाळण्याचा परिपाठ असे. वस्त्रावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत सोडायची, हा त्यातील अधिक कष्टाचा भाग. घरी विमान बांधणाऱ्यापुढे याच्या उलटा प्रश्न असतो: इंधनातून पाणी कसे काढावे? ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये पाणी आले, तर बांधावर थांबून फिल्टरखालचा स्क्रू सैल करता येतो. आकाशात ती सवड नाही.

हा विषय केवळ परदेशी हौशी मंडळींचा नव्हे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले होते.

अर्धवट भरलेल्या टाकीत थंड रात्री हवेतील बाष्पाचे दव जमते. झाकणाचे रबर झिजले असेल, तर पाऊसही झिरपतो. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी बसते. पण तळ कोणता? शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते आणि टाकीचा सर्वांत खोल कोपरा मागे जातो. कागदावरील आडव्या विमानाकडे पाहून निचऱ्याची झडप बसवणारा येथेच फसतो. मागे दडलेले पाणी उड्डाणात विमान आडवे होताच पुढे सरकते आणि इंजिनाच्या नळीपर्यंत पोहोचू शकते. विमान उभे असताना टाकीत मोजून पाणी घालावे आणि झडपेतून किती परत येते ते पाहावे. इतकी सोपी परीक्षा टाळण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

छोट्या विमानांसाठीच्या जुन्या अमेरिकी नियमांत टाकीच्या क्षमतेच्या 0.25 टक्के किंवा सुमारे 240 मिलिलिटर, यांपैकी जे अधिक तेवढा खोलगट भाग तळाशी सांगितला आहे. म्हणजे 100 लिटरच्या टाकीला 250 मिलिलिटर. झडप बंद स्थितीत अडकून राहावी, बंद झाल्याचे डोळ्यांना दिसावे आणि निघालेले इंधन विमानाच्या कोणत्याही भागावर पडू नये. पोटाखाली ती फार बाहेर आलेली नसावी. चाके न उघडता उतरावे लागले, तर प्रथम तीच तुटेल.

काढलेला नमुना पारदर्शक पेल्यात पाहावा. पेला निव्वळ पाण्याने भरला, तर दोन थरांमधली रेघ दिसत नाही आणि सारे स्वच्छ वाटते. विमानाचे 100 एलएल पेट्रोल निळसर असते, म्हणून रंग आणि वास दोन्ही तपासावेत. त्या पेट्रोलमध्ये शिसे असते. नमुना गवतावर ओतून देण्याची वैमानिकांची जुनी सवय मुंग्यांना आणि मातीला महाग पडते. त्यासाठी झाकणाचा डबा विमानापाशीच ठेवावा.