भरणपत्र
भरणपत्र : जहाजाने पाठविलेल्या मालाबद्दल वाहकाने किंवा त्याच्या वतीने कप्तानाने दिलेला दस्तऐवज. व्यापारात तो ‘बिल ऑफ लेडिंग’ या नावाने परिचित आहे. संपूर्ण जहाज भाड्याने घ्यावयाचे असल्यास वेगळा नौभाटक करार करतात. भरणपत्र मालाची पावती व वहनकराराचा पुरावा तर असतेच. शिवाय ते मालाचा हक्कलेखही असते. हस्तांतरणीय भरणपत्रावर पृष्ठांकन करून माल समुद्रात असतानाच विकता येतो व मूळ प्रत सादर करणाऱ्यास तो बंदरात मिळतो. पोती फाटकी वा पिंपे गळकी आढळल्यास तसा शेरा मारतात. असे भरणपत्र पतपत्राखाली बँका सहसा स्वीकारीत नाहीत. म्हणून शेरा टळावा यासाठी निर्यातदार कधीकधी वाहकास हमीपत्र लिहून देतो. ही प्रथा निंद्य होय, कारण तीत माल न पाहता पैसे भरणारा खरेदीदार फसतो. भारतात १८५६ च्या अधिनियमाची जागा २०२५ च्या भरणपत्र अधिनियमाने घेतली.