गोल पृथ्वीवरील समपातळी : संकल्पना आणि व्यवहार

प्रस्तावना :

भिंत उभी सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने पाहतो आणि जोते समपातळीत आहे की नाही हे पाणसळीने. ही दोन्ही साधने इतकी परिचित आहेत की ती नेमके काय मोजतात, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. भूमितीच्या तासाला सपाट प्रतलाची व्याख्या शिकविली जाते, भूगोलाच्या तासाला पृथ्वी गोल असल्याचे सांगितले जाते. परंतु या दोन विधानांची गाठ विद्यार्थ्याला क्वचितच घालून दिली जाते. वस्तुतः गोल पृथ्वीवर 'सपाट' आणि 'समपातळी' या दोन भिन्न संकल्पना आहेत. खोलीच्या फरशीपुरता हा भेद नगण्य होय. कालवा, पूल किंवा वैज्ञानिक वेधशाळा यांच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात या भेदाचे स्वरूप आणि त्याचे व्यावहारिक परिणाम यांचे विवेचन केले आहे.

सपाट आणि समपातळी :

पाणसळीतील बुडबुडा मध्यभागी स्थिरावतो, याचा अर्थ ती पृष्ठभूमी त्या ठिकाणच्या गुरुत्वाच्या दिशेला काटकोनात आहे, एवढाच होतो. गुरुत्वाची ही दिशा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. एकमेकांपासून सुमारे १.८५ कि.मी. अंतरावर टांगलेले दोन ओळंबे परस्परांशी १ मिनिटाचा कोन करतात. म्हणून प्रत्येक बिंदूशी समपातळीत असणारा पृष्ठभाग सपाट असूच शकत नाही. तो वक्र असतो. शांत तळ्याचे पाणी हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण होय.

या वक्रतेचे मान काढणे कठीण नाही. एका बिंदूपाशी समपातळीला स्पर्श करणारी सरळ रेषा काढली, तर १ कि.मी. अंतरावर ती समपातळीच्या सुमारे ७.८ सें.मी. वर असते. हे अंतर वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १० कि.मी.वर ते सुमारे ७.८ मीटर होते. प्रकाशकिरण हवेतून जाताना अपवर्तनामुळे किंचित खाली वाकतो आणि त्यामुळे दुर्बिणीतून दिसणारा फरक साधारण एक सप्तमांशाने कमी होतो. उंची मोजणारा सर्वेक्षक आपले उपकरण दोन मापपट्ट्यांच्या बरोबर मध्ये ठेवतो, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच आहे. दोन्ही बाजूंचे अंतर समान असले की वक्रतेचा दोष दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा नियम पाठ असतो. त्यामागील गोल पृथ्वी त्यांना जाणवतेच असे नाही.

इंग्लंडमधील हंबर पुलाचे दोन मनोरे प्रत्येकी ओळंब्यात उभे आहेत. त्यांच्यातील अंतर १४१० मीटर व उंची सुमारे १५५ मीटर आहे. दोन्ही मनोरे अचूक उभे असल्यामुळेच ते समांतर नाहीत. माथ्याशी त्यांच्यातील अंतर पायथ्यापेक्षा ३६ मि.मी. अधिक आहे. याच देशात १८७० साली उत्क्रांतिवादाचे सहसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी पृथ्वी सपाट मानणाऱ्या जॉन हॅम्डन यांची ५०० पौंडांची पैज स्वीकारली होती. ओल्ड बेडफर्ड नदीच्या सरळ पात्रावर सहा मैलांच्या अंतरात पाण्यापासून समान उंचीवर खुणा लावल्या असता मधली खूण दोन टोकांना जोडणाऱ्या दृष्टिरेषेच्या वर दिसली. तरुणपणी मोजणीचे काम केलेले असल्याने वॉलेस यांना हा निकाल अपेक्षितच होता. पुढे मात्र अशी पैजच कायद्याने अग्राह्य ठरली व हॅम्डन यांना त्यांची रक्कम परत मिळाली. न्यायालयापुढे पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न नव्हता, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे जातो काय?

'समपातळीतील सर्व बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून समान अंतरावर असतात' ही सर्वसाधारण समजूत आहे आणि ती चुकीची आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगीर आहे. तेथील त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येपेक्षा सुमारे २१ कि.मी.ने अधिक आहे. परिणामी, विषुववृत्त व ध्रुव वगळता ओळंब्याची रेषा केंद्रातून जात नाही. मुंबईच्या अक्षांशावर ती केंद्रापासून सुमारे १३ कि.मी. अंतरावरून निघून जाते.

याचा परिणाम नद्यांच्या बाबतीत विलक्षण दिसतो. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे ३१४ मीटर उंचीवर आहे, परंतु ते गंगासागरापेक्षा आठ अंशांहून अधिक उत्तरेला आहे. हिशेब केल्यास हरिद्वारची गंगा पृथ्वीच्या केंद्राला गंगेच्या मुखापेक्षा सुमारे २ कि.मी.ने जवळ असल्याचे आढळते. गोदावरीचेही तसेच आहे. नांदेडजवळचे तिचे पात्र आंध्रातील मुखापेक्षा केंद्राला शंभराहून अधिक मीटरांनी जवळ आहे. केंद्रापासूनचे अंतर हीच उंची मानली, तर या दोन्ही नद्या 'चढावर' वाहतात, असे म्हणावे लागेल. पाणी मात्र केंद्रापासूनचे अंतर जाणत नाही. जिकडे गेल्याने त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते, तिकडे ते जाते. म्हणून समपातळीची शास्त्रीय व्याख्या अंतरावर नव्हे, तर ऊर्जेवर आधारलेली आहे. ज्या पृष्ठावर गुरुत्व आणि परिभ्रमण यांचे एकत्रित विभव सर्वत्र समान असते, ते समविभव पृष्ठ म्हणजेच समपातळी.

अशी पृष्ठे एकमेकांना समांतर नसतात, हीदेखील लक्षात घेण्याजोगी बाब आहे. ध्रुवाकडे गुरुत्व विषुववृत्तापेक्षा सुमारे अर्धा टक्का अधिक असल्याने तेथे ही पृष्ठे परस्परांच्या जवळ येतात. विषुववृत्तावर १००० मीटर उंचीवर असलेले समविभव पृष्ठ ध्रुवाजवळ सुमारे ९९५ मीटर उंचीवर असते. उत्तर-दक्षिण पसरलेल्या मोठ्या सरोवराच्या दोन टोकांची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यामुळेच वेगळी येते, जरी त्याचे पाणी पूर्ण समपातळीत असले तरी.

हिमालय आणि ओळंबा :

पृथ्वीच्या अंतरंगातील व पृष्ठावरील असमान वस्तुमानही ओळंब्याला विचलित करते. या प्रश्नाच्या इतिहासात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ आरंभिलेल्या आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालविलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि त्याच्या उत्तरेकडील कल्याणा या दोन स्थानांमधील अक्षांशांचा फरक दोन पद्धतींनी काढण्यात आला. तारे पाहून काढलेला फरक आणि जमिनीवरील मोजणीतून काढलेला फरक यांत ५.२३६ सेकंदांची तफावत निघाली. अंतराच्या भाषेत ही सुमारे १६० मीटरांची चूक होय, आणि एवढी चूक त्या काटेकोर मोजणीत अनाकलनीय होती. ताऱ्यांचे वेध घेताना उपकरण समपातळीत आणले जाते. हिमालयाने ओळंबा आपल्याकडे ओढला, तर ती समपातळीच कलते, हे कोलकात्याचे धर्माधिकारी जॉन हेन्री प्रॅट यांनी ओळखले आणि पर्वताच्या आकर्षणाचा हिशेब मांडला. उत्तर आले १५.८८५ सेकंद, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट! हिमालय जेवढा ओढावयास हवा होता, तेवढा ओढत नव्हता. जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये त्याचे कारण सुचविले : पर्वताखाली हलक्या खडकांची मुळे खोलवर गेलेली असतात. भूशास्त्रातील समस्थायित्वाचा सिद्धान्त या तफावतीतून जन्मास आला.

जिऑइड आणि समुद्रसपाटी :

सरासरी समुद्रसपाटीशी जुळणारे आणि जमिनीखालूनही कल्पनेने पुढे नेलेले समविभव पृष्ठ म्हणजे जिऑइड. गाउस यांनी १८२८ मध्ये ही कल्पना मांडली आणि योहान लिस्टिंग यांनी १८७०च्या दशकात तिला हे नाव दिले. गुळगुळीत विवृत्ताभाच्या तुलनेत जिऑइड उंचसखल आहे. न्यू गिनीच्या परिसरात तो सुमारे ८५ मीटर वर, तर श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात सुमारे १०६ मीटर खाली आहे. हा जगातील सर्वांत खोल खळगा होय. त्यावरून जाणाऱ्या जहाजाला मात्र कोठेही उतार लागत नाही, कारण तेथील समपातळीच तशी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खळग्याचा संबंध आफ्रिकेखालून वर येणाऱ्या उष्ण, हलक्या द्रव्याशी जोडला आहे.

उपग्रहाधारित जी.पी.एस. यंत्रणा मुळात विवृत्ताभापासूनची उंची देते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती उंची शून्याच्या खाली साठ मीटरांहून अधिक येते. बंगळूरपर्यंत जाताना जिऑइड आणखी सुमारे २० मीटर खाली उतरतो, म्हणजे सरासरी दर कि.मी.ला २ सें.मी.हून अधिक. मोठ्या कालव्याचा उतार कित्येकदा दर कि.मी.ला १० ते २० सें.मी. एवढाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे उपग्रहाची कच्ची उंची थेट वापरण्यातील धोका स्पष्ट होतो.

समुद्रही पूर्णतः समपातळीत नसतो. पनामाच्या पॅसिफिक बाजूचे पाणी अटलांटिक बाजूपेक्षा सुमारे २० सें.मी. उंच आहे. भारतात १९०९ साली निश्चित झालेली उंचीची आधारपातळी मुंबई, कारवार यांसह नऊ बंदरांतील सरासरी समुद्रपातळीला शून्य मानून ठरविण्यात आली. ती व्यवहार्य तडजोड होती; ही नऊही शून्ये एकाच समविभव पृष्ठावर असण्याचे कारण नाही. ऱ्हाइन नदीवरील लाउफेनबुर्ग येथील पुलाच्या बांधकामात २००३ मध्ये अशाच भेदाची किंमत मोजावी लागली. जर्मनीची उंची ॲमस्टरडॅमच्या, तर स्वित्झर्लंडची मार्सेच्या समुद्रपातळीवरून मोजलेली. दोहोंत २७ सें.मी.चा फरक. अभियंत्यांना तो ठाऊक होता. दुरुस्ती करताना चिन्ह उलटे पडले आणि दोन्ही टोकांत ५४ सें.मी.ची तफावत राहिली.

सरळ रेषेची निकड :

काही ठिकाणी याउलट समपातळी सोडून सरळ रेषाच धरावी लागते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या प्रत्येकी ४ कि.मी. लांबीच्या दोन बाहूंतून लेसर किरण निर्वात नळीतून जाणार असल्याने अपवर्तनाचीही मदत नाही. एका टोकाशी समपातळीत असलेली सरळ नळी दुसऱ्या टोकाशी समपातळीपेक्षा सुमारे १.२५ मीटर वर असेल. शिवाय दोन टोकांना टांगलेले आरसे आपापल्या ओळंब्यात लोंबतील आणि त्या दिशांत २ मिनिटांहून अधिक कोन असेल. तो हिशेबात धरूनच आरसे जुळवावे लागतात.

अलीकडे समपातळी ओळखण्याचे एक निराळेच साधन उपलब्ध झाले आहे. सापेक्षता सिद्धान्तानुसार उंचावरील घड्याळ किंचित जलद चालते, १ सें.मी. उंचीला हा फरक साधारण १०^१८ भागांत १ एवढा असतो. टोकियो स्कायट्री या मनोऱ्यावर सुमारे ४५० मीटर उंचीवर आणि पायथ्याशी ठेवलेल्या प्रकाशीय घड्याळांची तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हा फरक स्पष्टपणे मोजता आला. परिभ्रमणाचा परिणाम समविभव पृष्ठाच्या व्याख्येतच अंतर्भूत असल्याने जिऑइडवर स्थिर असलेली सर्व घड्याळे, ती मुंबईच्या किनाऱ्यावर असोत वा उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालील समुद्रपातळीवर, एकाच गतीने चालतात.