सेवा आणि संसार : ‘स्मृतिचित्रे’मधील मिशन-कुटुंब

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याविषयी मराठी समीक्षेने जे लेखन केले त्याचा भर मुख्यतः तीन गोष्टींवर राहिला आहे : निवेदनातील प्रसन्न विनोद, लहरी व उदार पतीबरोबर केलेला संसार आणि धर्मांतरामुळे झालेली ताटातूट. या तिन्ही गोष्टी ग्रंथात आहेत आणि त्या महत्त्वाच्याही आहेत. तथापि या ग्रंथाचा मोठा भाग बाप्तिस्म्यानंतरच्या आयुष्याचा आहे, आणि ते आयुष्य एका मिशनच्या आधाराने, मिशनच्या आवारात, मिशनच्या कामासाठी जगलेल्या कुटुंबाचे आहे, ही बाब आपल्या चर्चेत पार्श्वभूमीला जाते. ख्रिस्ती मंडळीच्या सेवेला वाहिलेले घर आतून कसे चालते, त्या सेवेचा भार कोणावर पडतो आणि त्याची नोंद कोठे होते, या प्रश्नांच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम ‘सेवा’ या शब्दाचा विचार करावा लागतो. वारकरी परंपरेत सेवा ही देवाची वा संतांची असते आणि तिला वेतन नसते. इंग्रजी अमदानीत हाच शब्द सरकारी नोकरीलाही लागू झाला. मराठी ख्रिस्ती बोलीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन मिळाले. ‘ते सेवेत आहेत’ असे मंडळीतील माणूस म्हणतो तेव्हा त्यात प्रभूचे काम आणि दरमहा मिळणारा पगार, दोन्ही अभिप्रेत असतात. हा दुहेरी अर्थ पुरुषाच्या बाबतीत सुखाने नांदतो. पाळकाच्या पत्नीच्या बाबतीत मात्र तो दुभंगतो. ‘पाळकीणबाई’ हे संबोधन तिला मिळते, त्याबरोबरची कर्तव्येही मिळतात, पण ती सेवेत असल्याचे कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही. बायबलबाई म्हणून नेमणूक झालेल्या स्त्रीला थोडेफार वेतन तरी असे. पाळकिणीचे काम हे तिच्या लग्नाचाच भाग समजले जाई.

मुंबईच्या उपनगरांत अध्यापन करणाऱ्यांना येथे एक खुलासा विद्यार्थ्यांपुढे करावा लागतो. अंधेरी, बोरिवली या भागातील विद्यार्थ्याच्या मनात ‘ख्रिस्ती’ म्हटल्यावर जे चित्र उभे राहते ते बहुधा ईस्ट इंडियन कॅथलिक समाजाचे असते. (या समाजाने हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपलेसे केले, त्यांची घरची बोली मराठीच आहे, हे आपल्या भाषाविभागांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवे.) कॅथलिक परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतो. त्याचे घर म्हणजे चर्चला लागून असलेले निवासस्थान. तेथे भाविकांच्या कुटुंबांचा चर्चशी संबंध घनिष्ठ असला तरी धर्मसेवेचे घटक म्हणून ‘कुटुंब’ उभे राहत नाही. प्रॉटेस्टंट पंथांत उपदेशक संसारी असतो. त्यामुळे त्याची पत्नी, मुले, त्याची चूल, त्याच्या ओसरीवर येणारा-जाणारा माणूस, हे सारे सेवेच्या कक्षेत येते. घर हीच संस्था होते.

याचे अतिशय स्पष्ट उदाहरण मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांत दिसते. सोळाव्या शतकातील डच धर्मगुरू मेनो सायमन्स याच्या नावाने ओळखला जाणारा हा पंथ शस्त्र व शपथ नाकारतो, आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीनेच घ्यावा असा आग्रह धरतो. साधे राहणे, शेती आणि अडलेल्याला मदत, यांना या घरांत उपासनेइतकेच मोल असते. या पंथाचा आपल्या भागाशी संबंध आला तो दुष्काळामुळे. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइटांनी धान्याची मदत पाठवली. पुढे १८९९ मध्ये जेकब रेसलर तसेच डॉक्टर विल्यम पेज व त्यांच्या पत्नी ॲलिस हे येथे आले आणि त्यांनी धमतरी येथे मिशनचे ठाणे उभारले. धमतरी त्या वेळी मध्यप्रांतात, रायपूर जिल्ह्यात होती. प्रांताची राजधानी नागपूर, आणि त्यापूर्वी १८५३ पर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखालचा. आज ती छत्तीसगडात आहे. १८९९-१९०० च्या दुसऱ्या दुष्काळात या ठाण्याभोवती अनाथ मुलांची गर्दी झाली. ही मुले वाढली, त्यांची आपसांत लग्ने झाली, आणि त्यांतूनच तेथील मंडळीची पहिली कुटुंबे उभी राहिली. १९०६ मध्ये मिशनने बालोदगहन हे गाव विकत घेऊन त्यांतील काहींना शेतीवर वसवले. येथे कुटुंबातून मंडळी झाली असे म्हणता येत नाही. दुष्काळाने कुटुंबेच नाहीशी केली होती, आणि मंडळीने नवी कुटुंबे घडवली. या मंडळीच्या इतिहासाचा जॉन लॅप यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

त्याच दुष्काळाच्या पहिल्या फेरीत पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातील मुली केडगावला आणल्या, आणि दुसऱ्या फेरीच्या दिवसांत अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात अनाथ मुलांची व्यवस्था चालू होती. याच सुमारास लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या. म्हणजे धमतरी, केडगाव आणि नगर यांचा इतिहास एका दुष्काळाने जोडलेला आहे. फरक आहे तो कुटुंबाच्या स्थितीत. धमतरीच्या मुलांमागे कोणी उरले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या मागे माहेर होते, सासर होते, बहीण होती, आणि हे सारे जिवंत, प्रेमळ व संतप्त होते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. ही मधली पाच वर्षे ‘स्मृतिचित्रे’च्या केंद्रस्थानी आहेत. पतीमागोमाग जाणे हे त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने स्वाभाविक मानले गेले असते. लक्ष्मीबाई तशा गेल्या नाहीत. आधी त्या दूर राहिल्या. मग मिशनच्या आवारात येऊनही त्यांनी आपले पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवला. हा वेगळेपणा टिळकांनी मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. त्यानंतर कधीतरी जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा निर्णय लक्ष्मीबाईंच्या मनात झाला. या निर्णयाची पहिली खूण प्रार्थना नव्हे, तर परक्या हातचे पाणी. बाप्तिस्मा त्यानंतर आला. अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल पंथाचे. तेथे बालकांचा बाप्तिस्मा मान्य होता. पण मेनोनाइट ज्याला जाणत्या वयातील कबुली म्हणतात तिचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक वर्णन या काँग्रिगेशनल घरात सापडते, आणि ते देवघराच्या नव्हे तर माठाच्या भाषेत आहे. वडिलांच्या घरी सोवळ्याचा जो अतिरेक त्यांनी बालपणी पाहिला व सोसला, त्याची आठवण ठेवून हा भाग वाचला म्हणजे तो पाण्याचा घोट किती दूरवरून आला हे ध्यानात येते.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’शी तुलना केली असता हा विशेष अधिक उठून दिसतो. पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचा सारा ओघ त्या क्षणाकडे जातो. शंका, वाचन, वाद, निश्चय आणि शेवटी दीक्षा अशी ती चढण आहे. धर्मांतराच्या आत्मकथनाचा हा रूढ आकृतिबंधच म्हणावा लागेल. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात बाप्तिस्मा वाटेत लागतो. पुढे पाने उरतात, आणि त्या पानांत उद्याच्या जेवणाची काळजी असते. धर्मांतर झाल्यावर काय, हा प्रश्न ‘अरुणोदया’ला पडत नाही. ‘स्मृतिचित्रे’ त्याच प्रश्नावर उभी आहे.

त्या उत्तरार्धातील घराकडे आता पाहू. टिळक नगरच्या ईश्वरविज्ञान-विद्यालयात शिकवत, ‘ज्ञानोदया’त लिहीत, उपदेश करीत, भजन-कीर्तनाची देशी परंपरा उपासनेत आणण्यासाठी झटत. या सर्व कामांची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. परंतु त्यांपैकी प्रत्येक काम घराच्या दारातून आत येत होते. विद्यार्थी घरी येत. धर्माविषयी चौकशी करणारा तरुण घरी येई आणि बहुधा राहतही असे. अनाथ मुले घरची होऊन वाढत. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात पुढे आलेले बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले. बालकवींचा अभ्यास करताना आपण नगरच्या वास्तव्याचा उल्लेख एका वाक्यात करतो, त्या वाक्यामागे लक्ष्मीबाईंनी रांधलेले अन्न असते हे विसरून. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा करण्याचे धाडसही त्यांनी केले.

टिळकांचा उदारपणा हा मराठी वाचकांच्या कौतुकाचा विषय आहे. हाती आलेला पैसा ते देऊन टाकत, आणि घरच्या सामानासाठी बाहेर पडले तरी मन भलतीकडेच रमे. वाचक हसतो, आणि लक्ष्मीबाईंनी तो हसावा अशीच रचना केली आहे. परंतु हा विनोद बारकाईने पाहिला तर तो एक प्रकारचा जमाखर्च आहे. टिळकांनी दिलेल्या प्रत्येक दानाच्या शेजारी, ते कोणाच्या वाट्यातून गेले याची नोंद त्या करतात. तक्रारीचा सूर नसल्यामुळे ही नोंद आपल्या नजरेतून निसटते. तक्रार असती तर आपण ती स्त्रीवादी समीक्षेच्या चौकटीत केव्हाच बसवली असती. लक्ष्मीबाई या सेवेवर चिडलेल्या नाहीत. त्यांना ती मनापासून पटलेली होती. म्हणून त्यांची साक्ष अधिक अवघड आहे. ज्यावर श्रद्धा आहे त्याचाही हिशेब ठेवता येतो, हे त्या दाखवतात, आणि श्रद्धा व हिशेब यांपैकी एकाची निवड करण्यास नकार देतात.

निवेदनातील एक लहानशी गोष्ट येथे विचारात घ्यावी. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या पिढीतील स्त्रीने आडनाव वापरणे ही एक तडजोड मानता येईल. मात्र त्याचा परिणाम तडजोडीपेक्षा मोठा झाला आहे. ‘टिळक’ म्हटल्यावर तो माणूस जरा दूर उभा राहतो, त्याच्याकडे सर्व बाजूंनी पाहता येते. तो एकाच वेळी तिचा नवरा, मंडळीचा उपदेशक आणि महाराष्ट्राचा कवी असतो, आणि यांपैकी कोणती भूमिका कोणत्या क्षणी दुसरीवर अतिक्रमण करते हे निवेदिकेला टिपता येते. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असा त्यांचा आग्रह होता, आणि या लेखनाचा उगम तेथे आहे. म्हणजे हेसुद्धा आरंभी दुसऱ्याच्या कामासाठी केलेले साहाय्यच होते. चरित्राची सामग्री म्हणून जे लिहावयास घेतले ते स्वतःचे आत्मचरित्र झाले.

पगार आणि सेवा यांतील ताण १९१७ मध्ये उघड झाला. टिळकांनी त्या वर्षी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. परदेशी मिशनच्या पैशावर उभी असलेली मंडळी खऱ्या अर्थाने देशी होणार नाही, ही त्यांची भूमिका वैचारिकदृष्ट्या बळकट होती, आणि तिचे महत्त्व पुढील काळात सिद्धही झाले. परंतु हिंदू परंपरेतील संन्यासी घर सोडतो. संसारी संन्याशाला घर सोडता येत नाही. त्याने वेतन सोडले की घरातील चुलीचा प्रश्न घरातच राहतो. आपल्याकडे टिळकांच्या या निर्णयाची चर्चा देशीयतेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. घराच्या अंगाने ती फारशी झालेली नाही, आणि त्यासाठी ‘स्मृतिचित्रे’इतके दुसरे साधन नाही. या टप्प्यावर आपले संशोधन लक्ष्मीबाईंना सोडून टिळकांच्या अभंगांकडे वळते, ही सवय पदव्युत्तर स्तरावर तरी मोडावयास हवी.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबले होते. औपचारिक शिक्षण न झालेल्या, पतीकडूनच अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजही अनेक सूचींत ते ना. वा. टिळकांचे महाकाव्य म्हणून नोंदवलेले आढळते.