पंधरा महिन्यांत दोनदा

१३ जानेवारी २०१५ रोजी मलावीचे राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका यांनी पुरामुळे देशात आपत्ती जाहीर केली. २८ पैकी १५ जिल्ह्यांना पुराचा तडाखा बसला होता. १२ एप्रिल २०१६ रोजी त्याच राष्ट्राध्यक्षांना पुन्हा आपत्ती जाहीर करावी लागली, या वेळी दुष्काळामुळे. मध्ये पंधरा महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते.

दोन्ही वेळा सरकारने जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघ आणि युरोपीय संघ यांच्याबरोबर बसून एकेका खात्याचा हिशेब मांडला. शेती, घरं, रस्ते, पाणी, आरोग्य, शाळा, वीज: काय गेलं आणि परत उभं करायला काय लागेल. केरळात २०१८च्या महापुरानंतर असाच अभ्यास झाला आणि ३१,००० कोटी रुपयांचा आकडा निघाला, तो अनेकांना आठवत असेल. मलावीत पुरानंतरच्या उभारणीचा आकडा निघाला ४९ कोटी ४० लाख डॉलर आणि दुष्काळानंतरच्या उभारणीचा सुमारे ५० कोटी डॉलर. दोन्ही मिळून जवळजवळ शंभर कोटी डॉलर.

शंभर कोटी डॉलर ऐकून आजकाल कोणी दचकत नाही. एखादी नवी कंपनी तेवढ्या किमतीला विकली गेल्याच्या बातम्या आपण रोज वाचतो. म्हणून हा आकडा त्या देशाशेजारी ठेवून पाहायला हवा. त्या काळच्या मोजणीप्रमाणे मलावीच्या पावणेदोन कोटी लोकांचं वर्षाचं एकूण उत्पन्न होतं सुमारे ६४० कोटी डॉलर. रुपयांत ४२,००० कोटींच्या आसपास. आणि मुंबई महापालिकेचा २०१६-१७चा अर्थसंकल्प होता ३७,०५२ कोटी रुपयांचा. म्हणजे आपल्याकडची एक महापालिका वर्षभरात जेवढ्या पैशांचा बेत आखते, त्याहून थोडीच जास्त एका अख्ख्या देशाची शेती, व्यापार, कारखाने आणि पगार मिळून झालेली कमाई. त्या कमाईच्या साधारण पंधरा टक्के रक्कम दोन पावसाळ्यांच्या लहरीपायी उभी करायची होती. तेही अशा वेळी, की २०१३च्या ‘कॅशगेट’ घोटाळ्यानंतर देणगीदार देशांनी सरकारच्या तिजोरीत थेट पैसे टाकणं थांबवलं होतं.

पण मला या दोन हिशेबांतली सर्वांत विलक्षण गोष्ट वेगळीच वाटते. त्यांच्या बेरजा जवळपास सारख्या आहेत आणि आतली मांडणी मात्र नेमकी उलटी.

असे हिशेब दोन रकान्यांत मांडतात. पहिल्या रकान्यात मोडलेल्या वस्तू: घर, पूल, विहीर, शाळेचं छप्पर. दुसऱ्या रकान्यात जे मिळायचं होतं आणि मिळालं नाही ते: न आलेलं पीक, बुडालेली मजुरी, न बनलेली वीज. पुराच्या वेळी एकूण फटका ३३ कोटी ५० लाख डॉलरचा होता आणि त्यातला सुमारे ८५ टक्के भाग पहिल्या रकान्यात होता. दुष्काळाच्या वेळी एकूण ३६ कोटी ६० लाखांपैकी जवळजवळ ३३ कोटी दुसऱ्या रकान्यात. पूर असलेलं घेऊन जातो, दुष्काळ येणारं अडवतो. पुराचा फोटो निघतो, त्याला मदत मिळते. न उगवलेल्या मक्याचा फोटो काढणार कसा?

तो मका मोजूनच पाहावा लागतो. मलावीत मका म्हणजेच जेवण. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ‘न्सिमा’, ताटात नसेल तर माणूस जेवलो म्हणत नाही. २०१४मध्ये देशात सुमारे ३९ लाख टन मका झाला. पुराच्या वर्षी २७ लाख ८० हजार टन. दुष्काळाच्या वर्षी २३ लाख ७० हजार. दोन वर्षांत पंधरा लाख टनांची घट, म्हणजे पन्नास किलोची तीन कोटी पोती. माणशी दीड पोत्याहून जास्त धान्य देशातून नाहीसं झालं. २०१६च्या मध्यावर सरकारी पाहणीने सांगितलं की ६५ लाख लोकांना, म्हणजे दर पाचांपैकी दोघांना, बाहेरून अन्न दिल्याशिवाय पुढचं पीक हाती येईपर्यंत तग धरता येणार नाही.

पाच माणसांच्या घराला महिन्याला एक पन्नास किलोचं पोतं, एवढंच धरू. तेरा लाख घरं, तेरा लाख पोती, ६५,००० टन. तीस टनी ट्रक रोज सत्तरहून जास्त, महिनाभर, रविवारसुद्धा न सोडता. आणि देशाला बंदर नाही. माल मोझांबिकच्या बेइरा किंवा नकालाला उतरवायचा किंवा टांझानियाच्या दार-एस-सलामहून आणायचा. त्यात एल निन्योने सगळा दक्षिण आफ्रिकी टापूच होरपळला होता. एरवी शेजाऱ्यांना मका विकणारा दक्षिण आफ्रिका हा देशही त्या वर्षी स्वतः मका आयात करत होता. त्यामुळे दुष्काळाच्या आराखड्यात ‘शेती’ या एका शब्दाखाली वाहतूक, गोदामं, परकीय चलन, शाळेतली मुलं आणि दवाखान्यातली कुपोषित बाळं असं सगळंच येऊन बसतं.

विजेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मलावीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका सरोवराने व्यापला आहे. लेक मलावीचं क्षेत्रफळ सुमारे २९,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या निम्म्याला थोडंसंच कमी. त्या सरोवरातून शिरे नावाची एकच नदी बाहेर पडते आणि देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज त्या एका नदीवरच्या न्कुला, तेदझानी आणि कापिचिरा या प्रकल्पांतून येत होती. आता एवढ्या मोठ्या पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने उतरली तर किती पाणी गेलं? जवळजवळ ३० कोटी घनमीटर, म्हणजे साडेदहा टीएमसी. दहा सेंटिमीटर उतरली तर १०५ टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेलं अख्खं कोयना धरण! किनाऱ्यावर उभ्या माणसाला वीतभरही न वाटणारा फरक आणि त्यात एक कोयना रिकामी. पाऊस कमी झाला, सरोवर उतरलं, शिरे नदी बारीक झाली. ३५१ मेगावॉटची क्षमता असलेल्या देशात २०१७च्या डिसेंबरात वीजनिर्मिती १५० मेगावॉटपर्यंत घसरली. आपला एकटा कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आहे.

आणि वीज गेली की पाणी उपसणारे पंप थांबतात, पिठाच्या गिरण्या थांबतात, दवाखान्यातले लसींचे फ्रिज बंद पडतात. म्हणजे पाऊस न पडल्याचा खर्च पाणीखात्याच्या वहीत, वीजखात्याच्या वहीत आणि आरोग्यखात्याच्या वहीतही लिहायचा. एकच नुकसान तीनदा मोजलं जाऊ नये आणि कुठेच मोजलं गेलं नाही असंही होऊ नये, याची काळजी घेत खात्याखात्यांच्या माणसांना एका टेबलाभोवती बसवणं हे या कामातलं खरं कसब आहे. राष्ट्रीय पुनर्बांधणीचा आराखडा म्हणतात तो यातून तयार होतो. त्याला कोरडं सरकारी काम समजणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

या आकड्यांत एक अन्यायही दडलेला आहे. पुराने ११ लाख लोकांना फटका बसला, २ लाख ३० हजार बेघर झाले, १०६ मृत्यू नोंदले गेले आणि १७२ माणसं बेपत्ता झाली. एकूण नुकसानीला बाधितांच्या संख्येने भागलं तर माणशी साधारण ३०० डॉलर येतात, आणि त्यात रस्ते, पूल सगळं धरलेलं आहे. किती थोडे, असं वाटेल. पण तिथे माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्नच चारशे डॉलरच्या आत होतं. मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर वाहून गेलं तर हिशेबात नगण्य रक्कम पडते, कारण बाजारभावाने त्या घराची किंमतच तेवढी असते. जितका माणूस गरीब, तितकं त्याचं नुकसान कागदावर छोटं. म्हणून उभारणीचा खर्च नुकसानीपेक्षा मोठा असायलाच हवा: ३३ कोटींचं नुकसान आणि ४९ कोटींची उभारणी. पुन्हा तेच मातीचं घर त्याच नदीकाठी बांधून द्यायचं असेल तर आराखडा करण्याचं कारणच नाही.

प्रत्यक्षात हातात काय पडलं? जागतिक बँकेने पुरानंतरच्या प्रकल्पाला ८ कोटी डॉलर दिले आणि २०१६च्या नोव्हेंबरात दुष्काळानंतरच्या प्रकल्पाला १० कोटी ४० लाख. इतरांनीही दिले. पण या दोन प्रकल्पांची बेरीज एकूण गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतकीही होत नाही. उरलेलं पूर्ण व्हायच्या आत पुढची आपत्ती येते. २०१९मध्ये इदाई चक्रीवादळ: उभारणीचा अंदाज ३७ कोटी डॉलर. २०२२मध्ये ‘आना’ वादळाच्या पुराने कापिचिराचा बांध फोडला आणि देशाची जवळपास तीस टक्के वीज एका झटक्यात गेली. त्यानंतरच्या कॉलऱ्याच्या साथीत सतराशेहून जास्त माणसं गेली. २०२३मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने साडेसहा लाखांवर लोक बेघर केले, उभारणीचा अंदाज ६८ कोटी डॉलर. २०२४च्या मार्चमध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत पुन्हा दुष्काळामुळे आपत्ती जाहीर.

या सगळ्या वह्यांमध्ये मला एकच कलम दोन्ही रकान्यांना एकदम हात घालणारं दिसतं. ज्या शिरे खोऱ्यातल्या न्सान्जे आणि चिक्वावा या जिल्ह्यांना २०१५च्या पुराने झोडपलं, त्याच खोऱ्यात कापिचिराजवळून कालवा काढून ४३,३७० हेक्टर जमीन ओलिताखाली आणायची योजना आहे. पंप नकोत, पाणी उतारानेच वाहील. पुरात बुडालेली शेती ६३,००० हेक्टरहून जास्त होती, त्यापुढे हे क्षेत्र लहान नाही. सरोवर देशाचा पाचवा हिस्सा व्यापून बसलेलं असताना बहुतेक मका आजही फक्त आकाशाच्या भरवशावर उगवतो. तो जोवर तसा उगवतो आहे, तोवर पोत्यांचा आणि ट्रकांचा हिशेब दर दोन-तीन वर्षांनी नव्याने मांडावा लागेल. आणि ज्या कापिचिरावर हा कालवा अवलंबून आहे, तिथला बांध एका वादळाने फोडून दाखवलाच आहे. तो पुढच्या वादळात टिकेल एवढा भक्कम करण्याचा खर्च पहिल्या रकान्यात धरायचा की दुसऱ्या, याची चर्चा करत बसण्यापेक्षा तो आधी मंजूर व्हायला हवा.