लुइस एफसी: समान अंदाजपत्रकाचा फुटबॉल क्लब

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ब्रायटन शहरापासून जवळच वसलेल्या लुइस या छोट्या गावचा लुइस एफसी हा क्लब. क्लबची स्थापना १८८५ची, महिला संघ मात्र २००२मध्ये उभा राहिला. २०१७-१८च्या हंगामाची तयारी सुरू असताना, जुलै २०१७मध्ये, क्लबने पुरुष आणि महिला संघांसाठी समान अंदाजपत्रक जाहीर केले. व्यावसायिक वा अर्धव्यावसायिक फुटबॉलमध्ये असा निर्णय घेणारा हा पहिला क्लब मानला जातो.

महिला संघ इतक्या उशिरा उभे राहण्यामागे देशाचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांचे संघ लोकप्रिय झाले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या ‘डिक, कर लेडीज’ संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) संलग्न क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. त्या काळात पुरुषांच्या क्लबांकडे मैदाने, प्रेक्षक आणि पैसा साठत गेला, तर महिलांना सार्वजनिक उद्यानांतील मोकळ्या पटांगणांवर भागवावे लागले.

समान अंदाजपत्रकाचा निर्णय शक्य झाला तो क्लबच्या मालकीमुळे. २०१०मध्ये आर्थिक अडचणीत आलेला क्लब समर्थकांनी ताब्यात घेतला. वार्षिक वर्गणी भरणारा प्रत्येक जण मालक ठरतो. वर्गणी कितीही दिली तरी मत एकच, आणि संचालक मंडळ निवडून येते ते याच मतांवर. हा सहकारी संस्थेचा कारभार मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. मात्र लुइसचे सभासद गावापुरते राहिलेले नाहीत, ते अनेक देशांत विखुरलेले आहेत.

समान अंदाजपत्रक म्हणजे प्रत्येक खेळाडूला सारखे मानधन नव्हे. दोन्ही संघांच्या वाट्याला येणारी रक्कम सारखी असते, आणि करार अनुभव व गुणवत्तेनुसार ठरतात. प्रशिक्षण, सोयीसुविधा आणि सामन्यांची प्रसिद्धी यांतही समान वाटा हे धोरणाचे अंग होते. भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२मध्ये समान केले ते आंतरराष्ट्रीय सामन्यांचे शुल्क. लुइसने त्याच्या पाच वर्षे आधी संघाच्या एकूण खर्चाला हात घातला होता.

समान वाट्याची कसोटी हंगामाच्या तयारीतही लागते. इंग्लंडमध्ये हंगाम मे महिन्याच्या सुमारास संपतो, आणि पुढच्याची तयारी लगेच सुरू होते. आधी मैदान. लुइसच्या मैदानाचे नाव ‘ड्रिपिंग पॅन’. हे मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट असून त्याच्या कडेने गवताळ बांध आहेत. अशा नैसर्गिक गवताच्या मैदानावरची झिजलेली हिरवळ उन्हाळ्यात खरवडून काढतात, वाळू पसरतात आणि नवे बी पेरतात. पुरुषांचे साखळी सामने सहसा शनिवारी, महिलांचे रविवारी. आदल्या दिवशी पाऊस पडून मैदान उखडले, तर दुसऱ्या दिवशीच्या संघाला त्याचा भुर्दंड बसतो. त्यामुळे मैदान कोणाला, कधी आणि कोणत्या अवस्थेत मिळते, हाही समानतेचाच प्रश्न ठरतो.

मग खेळाडू. कोणाला कायम ठेवायचे, कोणाला मोकळे करायचे, नव्या कोण आणायच्या, हे ठरले की नोंदणी होते. जुलैत तंदुरुस्तीचा सराव आणि सराव सामने सुरू होतात. या स्तरावर अनेक खेळाडूंचा दिवस नोकरीत किंवा शिक्षणात जातो, म्हणून सराव बहुधा संध्याकाळी असतो. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण महिला फुटबॉलपटूंत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. ही दुखापत टाळण्यासाठी ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. त्यातील एका व्यायामात खेळाडू गुडघ्यांवर उभी राहते, जोडीदारीण मागून तिचे घोटे दाबून धरते, आणि ती पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकते. मांडीच्या मागच्या स्नायूंना यात चांगलाच ताण बसतो. उडीनंतर गुडघा आत न वळवता जमिनीवर उतरण्याची सवयही याच क्रमात लावली जाते.

एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, ही शंका पहिल्याच हंगामात मागे पडली. २०१८मध्ये पुरुष संघ आपल्या गटाचे विजेतेपद मिळवून वर चढला, आणि महिला संघाला दुसऱ्या स्तरावरील नव्या ‘चॅम्पियनशिप’मध्ये प्रवेश मिळाला. मार्च २०२३मध्ये महिला संघ महिलांच्या एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि ड्रिपिंग पॅनवर मँचेस्टर युनायटेडकडून १-३ असा हरला. पुरुषांच्या आणि महिलांच्या एफए कपच्या बक्षिसांतील तफावतीविरुद्धही क्लबने आवाज उठवला होता. २०२१-२२मध्ये पुरुष विजेत्यांना १८ लाख पौंड मिळाले, महिला विजेत्यांना २५ हजार. पुढच्या हंगामात महिलांची एकूण बक्षीस रक्कम ३० लाख पौंडांवर गेली, तरी दरी उरलीच.

मोठ्या क्लबांसारखे दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न या क्लबला नाही. सभासदांची वर्गणी, तिकीटविक्री आणि प्रायोजक यांवर त्याची भिस्त असते, आणि जुगार कंपन्यांची जाहिरात क्लब घेत नाही. २०२३-२४च्या हंगामाअखेर महिला संघ दुसऱ्या स्तरावरून घसरला आणि २०१७मध्ये जिथे होता त्या तिसऱ्या स्तरावर परतला. पुढच्या हंगामात त्याच्यासमोर १२ संघांची साखळी आणि २२ सामने होते. वर चढण्याचा मान त्यातून फक्त अव्वल संघाला मिळणार होता.