‘फेअर’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील लांबलचक शब्दांचे भय बाळगण्याचे कारण नाही. अशा शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो व तो कोशात चटकन सापडतो. खरी परीक्षा पाहतात ते लहान आणि नित्य परिचयाचे शब्द. ‘फेअर’ हे विशेषण त्यांपैकीच एक होय. आपल्या दप्तरात ‘फेअर वही’ असते, क्रीडांगणावर ‘फेअर प्ले’चा उपदेश होतो, प्रगतिपुस्तकात ‘फेअर’ असा शेरा पडतो, आणि विवाहाच्या जाहिरातीत वधू ‘फेअर’ हवी असते. शब्द एक, परंतु चारही ठिकाणी अर्थ निराळा.

हे अर्थ एकमेकांतून कसे निघाले, ते पाहू. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सुंदर, नेत्रसुखद’ एवढाच होता. १९५६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेच्या नावात तो जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. बर्नार्ड शॉ यांच्या ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावर ती आधारलेली आहे, त्याचेच मराठी रूप म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’.

जे सुंदर, ते डागरहित. या विचारातून दुसरा अर्थ उगवला. आकाशात मळभ नसले की हवा ‘फेअर’. खाडाखोड नसली की प्रत ‘फेअर’. आपली फेअर वही ती हीच. पुढे ही निर्मळता कागदावरून माणसाच्या आचरणाकडे गेली. ज्याच्या निर्णयाला पक्षपाताचा डाग नाही, तो न्यायाधीश ‘फेअर’. येथे ‘गोरा न्यायाधीश’ असे भाषांतर करणाऱ्याचे हसे झाल्यावाचून राहणार नाही. सरकारी ‘फेअर प्राइस शॉप’ला मराठीत ‘रास्त भावाचे दुकान’ म्हणतात. ‘रास्त’ हा शब्द येथे किती नेमका बसला आहे!

मग प्रगतिपुस्तकातील ‘फेअर’ने हिरमोड का होतो? कारण तेथे त्याचा अर्थ ‘ठीक, मध्यम’ असा आहे. स्तुतीचे शब्द फार वापरले की नाण्याप्रमाणे झिजतात. आपल्या ‘बरा’ शब्दाकडे पाहा. आम्हा कोंकणी भाषिकांच्या बोलीत ‘बरो’ म्हणजे चांगला. ‘देव बरें करूं’ म्हणून आम्ही उपकार मानतो. मराठीत मात्र ‘निबंध बरा आहे’ असे गुरुजी म्हणाले, तर विद्यार्थी खट्टू होतो. गंमत अशी की, ‘बरा’पासून जसा ‘बराच वेळ’ हा प्रयोग निघाला, तसाच ‘फेअर’लाही ‘बऱ्यापैकी, पुष्कळ’ असा अर्थ आला. दूरदेशीच्या दोन भाषांची पावले अशी एकाच वाटेने पडावीत, हे नवल नव्हे काय?

आता राहिला जाहिरातीतील अर्थ. ‘गोरा’ हा अर्थ मूळचा नव्हे; तो पुढे रूढ झाला. सुंदर म्हणजेच गोरे, अशी त्या देशातील अभिरुचीची समजूत शब्दात शिरली आणि तेथेच राहिली. आपण तो शब्द घेतला आणि आपल्याकडील गोरेपणाच्या हव्यासाला तो आयताच सापडला. वस्तुतः आपला विठ्ठल सावळा. वर्णामुळे ‘कृष्णा’ म्हटली गेलेली द्रौपदी सौंदर्याकरिता विख्यात. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातील ‘फेअर’ शब्द २०२० साली काढून त्या जागी ‘ग्लो’ हा शब्द घालण्यात आला. नाव पालटले, मनातील समजूत पालटणे अधिक कठीण. वर्गातील एखादी मुलगी केवळ वर्णावरून स्वतःला उणी मानीत असेल, तर तिच्यावर होणारा अन्याय ‘अनफेअर’ याच शब्दाने सांगावा लागतो, हा केवढा विरोधाभास!

अर्थ ओळखण्याची एक सोपी युक्ती सांगतो. शब्दाचा विरोधी शब्द शोधावा. फेअर प्रतीच्या विरुद्ध ‘रफ’, फेअर वर्णाच्या विरुद्ध ‘डार्क’, फेअर निर्णयाच्या विरुद्ध ‘अनफेअर’, आणि फेअर हवेच्या विरुद्ध ‘फाउल’. फुटबॉलमध्ये पंच शिटी वाजवून देतात तो ‘फाउल’ही हाच, त्याचा मूळ अर्थ घाणेरडा, मलिन. विरोधी शब्द हाती आला की अर्थ आपोआप उलगडतो. जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ मात्र या कुळातला नव्हे. तो लॅटिनमधील सणावाचक ‘फेरिया’ शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. केवळ नामसाधर्म्याने तो याचा भाऊ भासतो.

तात्पर्य, कोशातील पहिलाच अर्थ उचलून पुढे धावू नये. वाक्यात शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे, विरोधी शब्दाची कसोटी लावावी, आणि मगच भाषांतर करावे. शब्दाला न्याय देणे हाही एक ‘फेअर प्ले’च आहे.