पिशवी रिकामी झाली म्हणजे विष संपले?

निफाड तालुक्यात द्राक्षबागा, उसाचे फड, धान्याची कोठारे. तेव्हा उंदीर आले आणि उंदरांमागे घोणस, नागही आले. अशा गावात सापांचा पाठ चालू असताना वर्गातून प्रश्न येतो: ‘साप आधी कुत्र्याला चावला असेल, तर मग माणसाला चावताना त्याच्यात विष उरते का?’ उत्तरावर कुणी दवाखाना गाठायचे की टाळायचे ठरवील, म्हणून ते नीट पाहू.

घोणसाच्या डोळ्यामागे विषग्रंथी असते. ही लाळग्रंथीचीच भावंड. तिच्या पोकळीत तयार विष साठलेले असते. चावताना चेतातंतूंकडून आज्ञा येते, ग्रंथीवरचा स्नायू आवळला जातो आणि विष पोकळ दातांतून बाहेर पडते. एका दंशात साप सहसा सगळा साठा संपवत नाही. कधी कधी तर विष सोडतही नाही.

विष तयार करण्याची आज्ञा मात्र निराळी. घाबरल्यावर आपली छाती धडधडते ती अनुकंपी चेतासंस्थेमुळे. तिचेच तंतू विषग्रंथीतही पसरलेले असतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन स्रवते. ब्राझीलमधील नोर्मा यामानोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोणसाच्याच कुळातल्या जराराका सापावर केलेले प्रयोग 1997 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी सापांना रेसर्पिन दिले. या औषधाने चेतातंतूंतला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा संपतो. मग विष काढून घेतले, तर ग्रंथी पुन्हा भरेना! नॉरॲड्रेनॅलिनसारखे काम करणारे औषध दिल्यावर विषनिर्मिती परत सुरू झाली. गंमत अशी, की रेसर्पिन मिळते सर्पगंधेच्या मुळ्यांतून आणि याच मुळ्या आपल्याकडे सर्पदंशावर देत असत. (चावलेल्या माणसाला अर्थातच त्यांचा उपयोग नाही.)

एरवी ग्रंथीतल्या पेशी बुटक्या व सुस्त असतात. विष निघून गेले की त्या उंच होतात आणि पहिल्या आठवड्यात प्रथिने बनवण्याची त्यांची धांदल उडते. पोकळी पूर्ण भरायला मात्र काही आठवडे लागतात. प्रतिविषासाठी त्याच सापाचे विष पुन्हा पुन्हा काढता येते, ते या चक्रामुळेच.

तेव्हा विद्यार्थ्यांना सांगावे, की नुकताच चावलेला सापही विषारीच समजायचा. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे. गारुड्याच्या दात काढलेल्या नागाचेही तेच: दात पुन्हा उगवतात आणि ग्रंथी तर शाबूतच असते.